मोकळी केलेली जागा

८ एप्रिल २०२४

आज रुजू झाले. पुण्याच्या नोकरीनं पार पिळून काढलं होतं. म्हटलं, आता लहान ऑफिस, मोजकी माणसं. पैठण रस्त्याच्या आत नवं लेआउट पडलंय, तिथं आमची दुमजली इमारत. आजूबाजूला अर्धवट बांधकामं, मागं मोकळं रान. मालक अनंतरावांनी दुपारी स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी आग्रहानं वाढली. पाणी जपून वापरा म्हणाले, नळाला आठवड्यातून एकदा येतं, बाकी सगळं टँकरवर. एवढंच असेल तर चालेल, मी हसून म्हटलं.

काम मनासारखं आहे. सिल्लोड, पिशोरकडच्या लहान दवाखान्यांत एक्स-रे बघायचे जुने संगणक आहेत. प्रोग्राम नवा आला, पण त्याला लागणारी मेमरी जुन्या ग्राफिक्स कार्डात नाही. मग अर्धी छाती दिसते आणि अर्धा पडदा काळा. प्रोग्राम आणि कार्ड यांच्यातला मध्यस्थ म्हणजे ड्रायव्हर. जागा संपली की तो सरळ हात वर करतो. न लागणारी चित्रं बाहेर काढून जागा मोकळी करायला मी त्याला शिकवायचं.

१२ एप्रिल

ऑफिस झाडायला वच्छलाबाई येतात. इथं पूर्वी त्यांच्याच गावाचं शिवार होतं. दुपारी काम आवरलं की माझ्या खोलीत पंख्याखाली टेकतात. मी दिवसभर काळ्या टीव्हीपुढं काय करते, हे त्यांना कोडंच आहे. मी सांगितलं, दाटीवाटीनं बसलेल्यांना उठवून नव्यांना जागा करून देते. त्या म्हणाल्या, “मंग हितं तेच तर चाललंय.” दोघीही हसलो.

२३ एप्रिल

दुरुस्ती चालली! एक्स-रे पूर्ण दिसला. मात्र मोकळी केलेली जागा थोड्या वेळानं आपोआप भरते. कशानं, ते उघडून पाहिलं तर एक करडं वर्तुळ, मधे उजेड. आधीच्या चित्राचा गाळ उरतो असा कधीकधी. पुसून टाकलं.

३ मे

परत आलंय. कार्ड बदललं तरी तेच. संगणक उचलून माझ्या भाड्याच्या खोलीवर नेला, तर तिथं काही नाही, मेमरी कोरी. ऑफिसात आणला की पुन्हा वर्तुळ. आता स्पष्ट झालंय. कडेनं दगड रचलेले, वर गोल आभाळ. कुणीतरी खोलातून वर बघत असावं, तसं.

झोप नाही. डोळे जळजळतात. टँकरही दोन दिवस आला नाही.

७ मे

वर्तुळाच्या काठावर आज डोकी दिसली. वाकून खाली बघणारी माणसं. त्यात पदर खोचलेली एक बाई.

वच्छलाबाई फडकं घेऊन आल्या आणि पडद्यापुढं थबकल्या. पदर खोचलेल्या बाईवर त्यांनी बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “ही मीच हाय, ताई. सरूला हाका मारायलेय.”

सरूबाई त्यांची धाकटी बहीण. मागच्या मोठ्या दुष्काळात विहिरीच्या तळाला वाटी-वाटीनं पाणी भरायला उतरली होती. कड ढासळली. दोन दिवस लोकांनी माती उपसली, मग आणखी कड ढासळेल म्हणून थांबले. तिसऱ्याच दिवशी विहीर मुरूम टाकून बुजवली आणि जमीन पुढं लेआउटला गेली. सरूबाईसकट.

विहीर कुठं होती, मी विचारलं. त्यांनी खिडकीतून मागच्या पार्किंगकडं बोट दाखवलं.

९ मे

अनंतरावांना दाखवलं. विहिरीचंही सांगितलं. प्लॉट घेताना कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही, म्हणाले. वाईट माणूस नाही. पण थोड्या वेळानं चष्मा पुसत म्हणाले, दवाखाने खोळंबलेत, तुम्ही ते पुसा आणि काम पुढं न्या.

पुसलं.

१३ मे

पुसलं की लगेच भरतं. एक्स-रेला जागाच उरत नाही. आता चित्र हलतं. काठावरची माणसं एकेक करून निघून गेली. वच्छलाबाई शेवटपर्यंत होत्या, मग त्यांनाही कुणीतरी दंडाला धरून नेलं. नुसतं आभाळ. मग मुरूम पडू लागला.

हे सगळं तिनं खालून पाहिलं. म्हणजे ती तेव्हा जिवंत—

वच्छलाबाईंना सांगायचं नव्हतं. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहूनच ओळखलं. तिथंच खाली बसल्या.

१५ मे

टँकर बंदच. अनंतरावांनी बोअर घ्यायला गाडी बोलावलीय. जागा पार्किंगमध्येच. तिथं नको म्हटलं. पाणी लागायची खूण तिथंच आहे, म्हणाले. भांडायचं त्राण नाही.

१६ मे

बोअर सुरू झाला आणि जमीन बसली. मोठं भगदाड. गार वारा येतोय आतून. बोअरवाले गाडी काढून पळाले. अनंतरावांनी डंपर मागवलाय. कुणी पडायच्या आत बुजवून टाकू, म्हणाले.

वच्छलाबाई मला विचारत होत्या, आता तळ दिसतो का पडद्यावर. मी म्हटलं, बाई, जाऊ नका तिकडं.

१६ मे, दुपार

पडद्यावर पुन्हा आभाळ. आजचं. काठाला पिवळी फीत दिसतेय, सकाळी बांधलेली.

दोर खाली आला—

पाय. मग पाठ. वच्छलाबाई. उतरल्या. वळल्या. आता सरळ माझ्याकडं बघतायत— माझ्याकडं नाही. तिच्याकडं. हसतायत.

फोन लावते, अनंतराव उचलत नाहीत. खिडकीतून डंपर दिसतोय. मागं घेतोय. पार्किंगमध्ये दुसरं कुणीच नाही, ड्रायव्हरला कुणी सांगितलेलं नाही—

पडद्यावर दोन हात वर आले. एक वच्छलाबाईंचा. दुसरा मातीनं भरलेला, दोर धरलेला. दोघीही वर—

उजेड कमी होतोय. डंपरचा हौदा उचलला. मी पळते, ओरडते, थांबव म्हणून—