आमच्या गाडीचं उन्हाळी दुखणं

चि. धाकटीस,

आशीर्वाद मागून देते, आधी ऐक. सगळ्यांत आधी आली ती मिस्त्रीणबाई. मिस्त्री तिच्या मागेच होते, पण गल्लीच्या तोंडाशी कुणाच्या तरी स्कूटरचा आवाज त्यांना पटला नाही, म्हणून ते तिथेच तिला कान लावून उभे राहिले. ही बाई दारातूनच म्हणते कशी, "वहिनी, आधी पाणी द्या, आणि आमच्या यांच्यासाठी एखादी जुनी सतरंजी काढा, ते येतील आणि आडवे होतील." मी आपली चांगली सतरंजी काढली, उशी काढली, पंखा लावला. म्हटलं, वयस्कर माणूस, उन्हातून येतोय. (गाडीखाली आडवे होतात हे नंतर कळलं. उशी तशीच राहिली.)

हं, आता आशीर्वाद घे. तब्येत कशी आहे? कानाचं यंत्र घालतेस का, की हरवेल म्हणून अजून डबीतच जपून ठेवलं आहेस? गुडघ्याला शेक घे, आणि शेक घेताना वाचत बसू नकोस, मागे चटका बसला होता. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला थांबता येत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि तीही अर्धी तुला कडेवर घेऊन झाली, तेव्हा र्‍हस्वदीर्घाच्या निम्म्या चुका तुझ्या नावावर धर.

तुझं मागचं पत्र आल्यापासून माझं कशात लक्ष नव्हतं. महिनाअखेरीस घर बंद करून लेकाकडे कायमची जाणार, इतक्या लांब, असं तू दोन ओळींत लिहून मोकळी झालीस, आणि खाली सुपारीएवढ्या अक्षरात 'एकदा येऊन जा' म्हणालीस. अगं, यायचं कसं? यांच्या गुडघ्याला बसची पायरी चढवत नाही. यांना एकटं सोडून यावं, तर दूध उतू जाऊन गॅस विझला तरी हे पेपर वाचत बसणार. टॅक्सीला हे तयार होत नाहीत, कारण यांना तासातासाला उतरावं लागतं आणि परक्या माणसाला थांबवायची लाज वाटते. उरली आपली गाडी. तिचं तुला माहीतच आहे. तीन उन्हाळे झाले, टाकी काठोकाठ भरून, पाण्याची बाटली आणि तुझ्यासाठी शिवलेलं काहीबाही घेऊन आम्ही निघतो, आणि तासाभरात त्या मोठ्या चढाच्या अलीकडे ती आचके देते, आणि बंद. मग बॉनेट उघडा, ओलं फडकं टाका, झाडाखाली बसा. अर्ध्या तासाने सुरू होते. थोडी पुढे जाते. पुन्हा बंद. तिन्ही वर्षी आम्ही तिथूनच माघारी फिरलो. थंडीत म्हणशील तर थंडीत ती ठणठणीत असते, पण थंडीत तू लेकाकडे असतेस. म्हणजे गाडी आणि तू, दोघींनी मिळून ठरवल्यासारखं.

दुखण्यावर उपाय काय थोडे केले? पहिल्या गॅरेजवाल्याने प्लग आणि कॉइल बदलली. दुसऱ्याने रेडिएटर धुऊन घेतला. तिसऱ्याने तासभर गाडी फिरवून आणली आणि म्हणाला, आजी, गाडीला काही झालेलं नाही, ऊन तुम्हा दोघांनाच लागतंय. फोनवर नात विचारते, आजी, गाडीला ताप येतो का? (गुणी आहे पोर. आता पाढे म्हणते, सातापर्यंत आली.) तिच्या बापाला, म्हणजे आमच्या थोरल्याला, मात्र कौतुक नाही. त्याने निकाल लावून टाकला. म्हणाला, जुन्या गाड्या घेणारा एक माणूस रविवारी येईल, त्याला चावी देऊन टाका, बाबांनी आता चालवूच नये.  यांनी गाडीची चावी आणून फोनपाशी ठेवली आणि बाहेर जाऊन झाडांना पाणी घालत बसले. भर दुपारी. मी ओरडले, अहो, मुळं शिजतील! तरी घालतच होते.

आता मिस्त्री कसे मिळाले ते ऐक. डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या पुढच्या नंबरावर एक बाई होती. डोळ्यांत औषध घालून दोघींना तास तास ते मिटून बसवलं होतं, मग बोलण्याशिवाय करणार काय? तिची सून, माझी सून, तिचा मोतीबिंदू, माझा मोतीबिंदू असं करत गाडीवर आलो. ती म्हणाली, आमच्या यांनी सगळी नोकरी बसच्या डेपोत इंजिनांखाली काढली, आता रिकामे असतात आणि मला छळतात, पाठवते त्यांना. दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं ते नंतर, डोळे उघडल्यावर. पाहिल्यावर थोडी निराशाच झाली, तिचीही झाली असणार.

मिस्त्री म्हणजे वाळलेला, उंच, कमी बोलणारा माणूस. गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, खाली आडवे झाले, वर आले, हात पुसले आणि म्हणाले, "माझ्यासमोर आजारी पडल्याशिवाय मी औषध देत नाही. दोन वाजू द्या. ऊन चढू द्या." आणि खरंच दोन वाजता आम्ही चौघं म्हातारी माणसं गाडीत बसलो, हे चालवायला, शेजारी मिस्त्री, मागे आम्ही दोघी, आणि गाडी बंद पाडायला गावाबाहेर निघालो. लोक गाडी चालावी म्हणून हात जोडतात, मी आयुष्यात पहिल्यांदा बंद पड बाई, बंद पड म्हणून हात जोडले. रविवार तीन दिवसांवर, आणि हिने पाहुण्यांसमोर काय शहाण्यासारखं वागावं! गावाबाहेरचा छोटा चढ चढली, उतार उतरली, फाटकापाशी दहा मिनिटं तापत उभी राहिली, पण हूं की चूं नाही. दीड तास झाला. मिस्त्रीणबाई घामाने थबथबलेली, म्हणते, "अहो, हिला तुमची भीती वाटतेय, तुम्ही उतरा." हे मात्र ताठ बसून चालवत होते. पण मधूनच उजव्या पायाकडे खाली बघायचे, आणि पुन्हा समोर. मला वाटलं, चपलेत खडा गेला असेल.

शेवटी पेट्रोल संपत आलं म्हणून पंपावर थांबलो आणि टाकी भरून घेतली. पेट्रोल भरताना झाकण मी सांभाळते, हे तुला ठाऊक असेल. यांना सारखं सारखं उतरवत नाही, आणि मागे एकदा पंपावरचा मुलगा झाकण तिथेच विसरला होता, तेव्हापासून ते काम माझं. आणि धाकटे, मला पेट्रोलचा वास सोसत नाही. थंडीत एवढा नसतो, पण उन्हाळ्यात टाकीतून असा काही उठतो की डोकं भणभणतं. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी एक युक्ती काढली. आपण प्रवासात तेलाच्या बाटलीला करतो ना, तोंडावर प्लास्टिक ताणायचं आणि वरून झाकण लावायचं? तेच. जाड पिशवीचा तुकडा टाकीच्या तोंडावर, त्यावर झाकण, आणि वरून सायकलच्या ट्यूबचं कापलेलं कडं. इतकं गच्च बसवते की वासाची काय बिशाद. उन्हाळा आला की लावते, पावसाळ्यात काढून घडी करून पर्समध्ये ठेवते. आणि गॅरेजवाला यायचा असला की आदल्या दिवशीच काढते. परका माणूस येणार म्हटल्यावर आपण उशांचे अभ्रे बदलतो की नाही? फाटकं प्लास्टिक दिसलं तर काय म्हणेल, बाईला घर सांभाळता येत नाही. मिस्त्री येणार म्हणून सकाळीच काढून ठेवलं होतं. पण पंपावर वास आला, मिस्त्री टायरमधल्या हवेचं बघत होते, मी हळूच पुन्हा चढवलं. सवयीचा हात, अर्ध्या मिनिटाचं काम.

पंधरा मिनिटांत गाडीने आचका दिला. दुसरा दिला. बंद! मिस्त्रींनी अशी टाळी वाजवली की यांनी दचकून हॉर्न दाबला. "आली! आता कुणी हलू नका," म्हणाले आणि उडी मारून उतरले, सत्तरीचा माणूस. बॉनेट उघडलं, प्लगची वायर काढून ठिणगी बघितली. ठिणगी ठणठणीत. मग इंजिनाकडे जाणारी पेट्रोलची नळी सोडली. कोरडी! आत्ता टाकी भरलेली, आणि नळीत थेंब नाही. इंजिनाजवळ पेट्रोल ओढणारा छोटा पंप असतो, त्यावर ओलं फडकं टाकलं, तरी कोरडीच. मग हात कमरेवर ठेवून दोन मिनिटं आभाळाकडे बघत उभे राहिले, आणि टाकीच्या बाजूला चालू लागले. मी मागोमाग. म्हटलं, भाऊ, तुम्ही कशाला त्रास घेता, मी काढते झाकण. त्यांनी ऐकलं नाही. ट्यूबचं कडं काढलं. झाकण काढलं. आत माझं प्लास्टिक, पण कसं? वाटीसारखं खोल आत ओढलेलं, आता फाटतं की मग फाटतं. त्यांनी नखाने कड उचलली आणि सूंऽऽऽ करून टाकीने असा श्वास घेतला, असा श्वास घेतला, की मलाच मोकळं वाटलं. "दादा, चावी फिरवा." फिरवली. लागली.

 मिस्त्री त्या प्लास्टिककडे बघताहेत, मी रस्त्यापलीकडच्या खांबाकडे. शेवटी मिस्त्रीणबाई म्हणाली, "वहिनी, तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडता की एक?" म्हटलं, दोन, एकाने तेल पडत नाही, आत हवा... आणि तिथेच माझी जीभ अडकली. झाकणाला टाचणीएवढं भोक असतं म्हणे, हवेसाठी. मी ते तीन उन्हाळे बुजवून ठेवलं होतं. पेट्रोल जातं तसतशी आत हवा जायला हवी, नाही गेली की टाकी पेट्रोल सोडत नाही, धरून बसते. टाकी भरलेली असली की आणखीच लवकर. अर्धा तास थांबलं की कुठूनतरी चिमूटभर हवा झिरपते आणि गाडी चालू होते, आणि आम्ही म्हणतो, थंड झाली हो! बाई माझ्यावर हसून हसून खाली बसली. मग मिस्त्री यांच्याकडे वळले. म्हणाले, "दादा, तुम्ही पाणीपुरवठ्यात होतात ना? एकतीस वर्षं टाक्या सांभाळल्यात, आणि घरच्या टाकीला हवा नाही ते कळलं नाही?" मला वाटलं, आता हे चिडणार, सगळ्यांसमोर मला बोलणार. बोलले असते तरी माझं तोंड नव्हतं. तीन वर्षं मीच सगळ्यांना सांगत फिरले होते की यांचा हात पूर्वीसारखा राहिला नाही.

हे चिडले नाहीत.  स्टिअरिंगवर हात ठेवून अगदी हळू विचारलं, "म्हणजे माझ्या पायाचं काही नाही?" मिस्त्रींना कळेना. मलाही कळेना. तेव्हा म्हणाले, त्यांना वाटत होतं की चढापाशी आपला पाय पेडलवरून नकळत सुटतो, पायात जीव राहिला नाही, म्हणून गाडी बंद पडते. तीन वर्षं हे मनात धरून बसले होते. रोज सकाळी फिरायला जातो म्हणायचे ना, ते मागच्या अंगणात एका पायावर उभं राहून पायात जोर आणत होते! आणि मला वाटे, गुडघा दुखत असताना फिरायला जायचं, म्हातारपणी हे काय खूळ. मला रडू आलं, धाकटे. मी म्हटलं, अहो, पाय तुमचा दगडासारखा आहे, डोकं माझं दगडासारखं आहे. तर म्हणाले, "ते मला लग्नापासून माहीत आहे, पायाचं आज कळलं," आणि असे हसले, असे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग गाडी वळवली आणि गावाबाहेरचा तो सगळा चढ पुन्हा चढवून दाखवला, गरज नसताना. गाणंही म्हणत होते. गाणं अजून वाईटच म्हणतात.

घरी आल्याबरोबर हातपाय न धुता थोरल्याला फोन लावला. रविवारच्या माणसाला येऊ नको म्हणून कळव, असं ठणकावून सांगितलं, आणि चावी उचलून खिशात टाकली. मी इतक्या वर्षांत यांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. थोरला पलीकडून "पण बाबा, पण बाबा" करत होता. यांनी सरळ सांगितलं, आम्ही तिच्या बहिणीकडे चाललोय, नंतर बोलू.

तेव्हा आम्ही येतोय. मिस्त्री म्हणाले, पहिल्या खेपेला मी बरोबर येतो, तुमचा तो मोठा चढ मला बघायचा आहे. मिस्त्रीणबाई म्हणाली, मग मी काय घरी बसू? दोघं तुझ्याकडे चहा घेऊन संध्याकाळच्या बसने परत फिरतील. तिला तुझ्या मोतीबिंदूचंही विचारायचं आहे, तयारीत राहा. यांनी तुला नमस्कार सांगितला आहे, आणि पायाचा विशेष.

तुझी,
थोरली

ता. क. – थोरल्याला खरं कारण सांगितलेलं नाही. हे फोनवर म्हणाले, टाकीच्या तोंडाशी अडथळा होता, निघाला. माझ्याकडे न बघता म्हणाले. तूही कुणाला सांगू नकोस. आणि सांगितलंसच तर निदान सुनेला नको.

आणखी एक ता. क. – यांना मी दोन दिवसांचं सांगितलं आहे. तू आम्हाला बघितल्याबरोबर दारातच म्हण, आठ दिवसांच्या आत हलू देणार नाही. मी म्हटलं तर यांना वाटेल माझाच डाव आहे. (आहेच.) आणि सामान बांधशील तेव्हा ती रुंद गादी सगळ्यांत शेवटी बांध. मला तुझ्याशी काही खास बोलायचं नाही, नुसतं लहानपणीसारखं शेजारी पडायचं आहे. यंत्र काढून झोपलीस तरी चालेल, मी बोलत राहीन.

एवढं लिहीपर्यंत, बाहेर यांच्याशी गप्पा मारत बसलेले मिस्त्री-मिस्त्रीणबाई उठलेच. पुढच्या शुक्रवारी तुझ्याकडे निघायला सकाळी सहाला येतो म्हणून सांगून गेले.