अमितचा पहिला टायगरफिश

१२ जुलै १९८६, डब्लिन
तिकिटं आली. झांबियातला फिशिंग कँप, मी आणि अमित. ना फोन, ना टीव्ही, पळणार कुठे! ऑगस्टअखेर पोरगा बॉस्टनला कॉलेजला जाईल, मग घरात पाहुणाच. त्याआधी एकदा तरी बापाशी धड बोलू दे. सौ. म्हणाली, "तिथे भाषणं ठोकू नका." हिचं आपलं काहीतरी! मालवणी मसाल्याची बाटली मात्र तिनेच बॅगेत टाकली.

४ ऑगस्ट, कँप
मासा पकडायचा, फोटो काढायचा, परत सोडायचा. इथली रीत. खायला एखादा ठेवला तर चालतो. मालवणात सांगितलं तर वेड्यात काढतील. पण अमित बोलतोय! बोटीत दिवसभर. इंजिनिअरिंग नको, बायॉलॉजी करायचंय म्हणे. मी गप्प ऐकलं. मी!

६ ऑगस्ट
अमितला टायगरफिश लागला. केवढं धूड, आणि दात, बापरे! "बाबा, लुक!" लहानपणी मारायचा तशी हाक. गाइड जोसेफने फोटो काढला. अमित टेप आणायला तंबूत पळाला. "होल्ड हिम इन द वॉटर, बाबा. वी'ल मेझर अँड लेट हिम गो."
पोराचा पहिला मासा, आणि सोडायचा? आमच्यात तो शिजतो, बाप स्वतः वाढतो. माझ्या बापाने मला वाढला होता. जोसेफला म्हटलं, काप.
काटेच काटे, पण कालवण फक्कड. सगळा कँप बोटं चाटत होता. मधली तुकडी अमितला वाढली. त्याने ताट सरकवलं. "आय आस्क्ड यू टू होल्ड हिम." बस्स. त्यानंतर...

१७ ऑगस्ट, डब्लिन
अजून अबोला. अमितने मासे खाणं सोडलं. आमच्या घरात! सौ. म्हणते, "नुसता धरून ठेवायचा होता हो, तेवढंही जमलं नाही?" अरे, मी काय खून केला? मायेनेच वाढला ना?
सॉरी म्हणायला त्याच्या दारापर्यंत गेलो. आत म्युझिक मोठं झालं. फिरलो.

२६ ऑगस्ट
फोटो धुऊन आले. हातात मासा, माझ्याकडे बघून काय हसतोय! फोटो त्याच्या बॅगेवर ठेवला.
सौ. त्याला विमानतळावर सोडायला गेली. सामानामुळे गाडीत माझ्यासाठी जागा नाही म्हणे. फोटो इथेच, टेबलावर.
घर खायला उठलंय. सगळं माझ्याच हाताने घालवलं.

१४ सप्टेंबर
होस्टेलवर फोन केला. रूममेट म्हणाला, "ही इज नॉट हिअर, सर." मागे कोणीतरी खळखळून हसलं. ते हसू मी ओळखणार नाही होय?
म्हटलं, "टेल हिम बाबा कॉल्ड."
"शुअर, सर. आय टेल हिम एव्हरी टाइम."
रविवारी परत करीन.