डाव्या अंगठ्याला टोचलं

पुणे

आईस,

तुझ्या गोरक्षचा नमस्कार. उठता येत न्हाई, म्हणून पडल्या पडल्याच तुझ्या पाया पडतो.

इथं दवाखान्यात जेवण चांगलं हाय. हिरड्याच्या झाडावरून पडलो तरी डोकं आन् पाय शाबूत हायेत. मेंदूचा निरोप पायाला आन् पायाचा मेंदूला नेणारा कण्यातला मज्जारज्जू तेवढा चेपलाय, म्हणून कमरेखाली काही कळत न्हाई.

डॉक्टर मॅडम रोज मला डोळे मिटायला लावतात, पायाला टाचणी लावतात आन् विचारतात, "टोचतंय का?" मी न्हाईच म्हणायचो. आज डाव्या अंगठ्याला टोचलं. म्हटलं, "मॅडम, परत टोचा." परत टोचलं.

"चालशील असं आत्ताच सांगत नाही," त्या म्हणाल्या, "पण पायाचा निरोप वर पोचायला लागलाय."

मला लई रडू आलं.

भाताची लावणी उरकली का? राघूमामा आला व्हता का मदतीला? ओझरच्या गणपतीला अनवाणी जायचा नवस बोलू नकोस, तुझे गुडघे दुखतात.

घरी आलो की माझ्या पायाला तेल लाव. मी डोळे मिटून घेईन. तुझा हात कळतो का, ते बघायचंय.

तुझाच,
गोरक्ष