आईची एकशेवीस ग्रेनची गोळी

बाबा, मागच्या शनिवारी तुमच्या बायकोनं स्टॅग मारला. बारा टोकांच्या शिंगांचा, हरणाचा पूर्ण वाढलेला नर, एका गोळीत. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही सांगावं असं मला एकदाही वाटलं नव्हतं. हे मात्र सांगायचंय, आणि सावकाश सांगायचंय, कारण आता तुम्ही मध्येच हात उडवून 'कळलं, कळलं' म्हणू शकत नाही.

तुम्ही पुण्याहून इकडे परदेशात, 'ते रापा' गावच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आलात, कामावरच्या लोकांनी तुम्हाला शिकारीला नेलं आणि दोनेक वर्षांत तुम्ही त्यांच्यातलेच झालात. मला एकदाच नेलंत. मी पंधरा वर्षांची, अंगानं काडी. हातात तुमची ती मॅग्नम रायफल, आत एकशेऐंशी ग्रेनची शिशाची गोळी. ग्रेन हे गोळीचं वजन मोजायचं माप, हे तुम्हीच शिकवलंत, आणि त्याला जोडून तुमचं आवडतं वाक्य: मोठ्या जनावराला मोठं वजन लागतं. रायफल खांद्याला घट्ट लाव म्हणालात. रायफलीवरच्या दुर्बिणीपासून डोळा लांब ठेव, हे सांगायचं राहिलं. मी चाप ओढला, रायफल धक्क्यानं मागे आली आणि दुर्बिणीची कड भुवईवर येऊन बसली. डोळ्यात रक्त, कानात दडे, आणि समोरचं हरीण पोटात गोळी घेऊन झाडीत पळालेलं. ते सापडायला तीन तास लागले. तीन तास तुम्ही पुढे चालताय आणि मी हातरुमाल भुवईला दाबून मागे. तुम्ही एकदा वळून बघितलंत, ते "हलक्या माणसाचं काम नाही हे" एवढं म्हणण्यापुरतं. टाके आईनं घालून आणले. पुढे दर गणपतीत मंडळाच्या पंगतीत तुम्ही ती गोष्ट सांगायचात. लेकीनं हरणाचं पोट बिघडवलं म्हणून. लोक हसायचे, मी वाढत असायचे.

आईचं तर मी विसरूच शकत नाही. रविवार, स्वयंपाकघरात तुमचे चार मित्र, आईनं तुमच्याच हरणाचा खिमा केलाय. ती शेवटी जेवायला बसते आणि दुसऱ्याच घासाला कटकन आवाज येतो. तिनं तोंडातून शिशाचा करडा तुकडा काढला, त्याच्याबरोबर दाढेचा टवका. ताटाच्या कडेला दोन्ही ठेवले आणि तुमच्याकडे बघितलं. तुम्ही हसत म्हणालात, "दात तुझे कच्चे. गोळीला काय बोल लावतेस?" आणि तेच मित्रांना इंग्रजीत सांगितलंत. ती उठून पोळ्या करायला लागली. त्या दिवसापासून ती खिमा बोटांनी चिवडून चिवडून, मगच आम्हाला वाढायची.

धाकटा भाऊ अठरा वर्षांचा झाला तेव्हा ती रायफल तुम्ही त्याला दिलीत. त्यानं दोनदा चालवली. आता ती पोरिरुआला त्याच्या तिजोरीत पडून आहे. तुला हवी का, असं त्यानं मला विचारलं होतं. मी नको म्हणाले. तिथेच गंजू दे.

तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी मी परवाना काढला. लहान रायफल घेतली, पुढे सायलेन्सर लावला आणि गोळी निवडायला पूर्ण हिवाळा घालवला. तुम्ही आयुष्यात कधी एवढा विचार केला नसेल. तुमची शिशाची गोळी आदळली की फुटते, निम्मं वजन मांसात सांडते, म्हणून तुम्हाला मुळातच जास्त वजन लागायचं. तांब्याची गोळी फुटत नाही. पुढून पाकळ्यांसारखी उमलते आणि जवळजवळ सगळं वजन घेऊन आरपार जाते. म्हणून ती हलकी चालते, नव्हे, हलकीच बरी, कारण उमलायला तिला वेग हवा आणि हलकी गोळी जोरात जाते. फार लांबून मात्र मारायची नाही, वेग उतरला की ती उमलत नाही. मी एकशेवीस ग्रेनची घेतली. धक्का कमी, मांसात शिसं नाही. गेल्या बारा वर्षांत माझं एकही हरीण शंभर पावलांपलीकडे गेलेलं नाही. मोठ्या जनावराला मोठं वजन लागत नाही, बाबा. तुम्हाला लागत होतं.

आई आता टौरंगाला माझ्याकडेच असते. एकाहत्तर वर्षांची आहे. फेब्रुवारीत मी टेबलावर काडतुसं मांडून बसले होते, तेव्हा तिनं एक उचलून बघितलं. एवढीशीच का, म्हणाली. मग म्हणाली, मलापण यायचंय. मला वाटलं, बघायला. तिला चालवायची होती. परवानेवाला शेजारी बसला असेल तर चालतं, हे तिनं माझ्या नकळत माझ्या मुलीला विचारून ठेवलं होतं.

नेमबाजीच्या रेंजवर पहिल्या दिवशी तिनं डोळे मिटून चाप ओढला आणि तशीच अंग आवळून पडून राहिली.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"एवढंच असतं?"

"या रायफलीला एवढंच, आई."

तिनं आपला खांदा चाचपून बघितला. "मग आठ-आठ दिवस हे खांदा चोळून का घ्यायचे माझ्याकडून?"

मी इतकी हसले की शेजारच्या लेनमधल्या माणसानं कानावरचं काढून विचारलं, सगळं ठीक ना. तुमच्यावर कुणीतरी हसायला हवंच होतं. ते आईनं करावं हे मला सुचलंही नव्हतं.

पाच आठवडे सराव केला. मग माझ्या कामावरच्या एकाच्या शेतावर गेलो, टाउमारुनुईच्या पलीकडे. एप्रिल, नर माजावर, सकाळपासून डोंगर नुसता हंबरतोय. आई पोटावर आडवी, रायफल पिशवीवर टेकवलेली, माझा हात तिच्या पाठीवर. तो नव्वद मीटरवर झाडीतून बाहेर आला आणि आडवा उभा राहिला. डोळा लांब ठेव, मी म्हणाले. खांद्याच्या मागे, घाई नाही. ती श्वास सोडते, माझ्या हाताला तो जाणवतो, आणि गोळी सुटते. स्टॅग तीन ढांगा गेला आणि गुडघ्यांवर बसला, मग कलंडला. आईनं रायफल खाली ठेवली, तशीच पडल्या पडल्या हात जोडले. रडली नाही. गुडघा धरून उठली आणि म्हणाली, चल, मांस खराब होईल.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. आईलाही दाखवणार नाही, त्याला कारण आहे. त्या दुपारी आम्ही शेतावरच्या शेडमध्ये मांस कापत होतो. सुरी न थांबवता, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "ह्यांना आवडलं असतं ना गं?"

मी नाही म्हणाले. तुम्ही चिखलात गुडघे टेकून तिच्या गोळीचं भोक बोटानं चाचपलं असतं, आणि तुम्हाला कौतुकानं तिच्याकडे बघत राहण्यापलीकडे काही सुचलं नसतं, हे मला त्या क्षणी स्वच्छ माहीत होतं. तरी मी तिला 'नाही' म्हणाले. तिनं मान हलवली आणि पुढचा तुकडा ओढून घेतला.