एकेचाळीसावं गिऱ्हाईक

रिसोड, जि. वाशिम
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय रूपाबाई,

तुला सप्रेम जयभीम, तुझ्या सासूबाईंना नमस्कार, आणि जिचं नावसुद्धा मला ठाऊक नाही त्या तुझ्या लेकीला एक पापी. आई बरी आहे, गुडघे सोडून. मी बरी आहे, डोकं सोडून. रिसोड होतं तिथंच आहे. हळद शिजवायचे दिवस आहेत, त्यामुळे वारा शेतांकडून आला की वाळत घातलेल्या कपड्यांनाही तो ओला, कच्चा वास लागतो.

नीलिमाचं पत्र म्हटल्यावर तू पाकीट दोनदा उलटंपालटं करून पाहणार, मला माहीत आहे. तू लग्न होऊन मानोऱ्याला गेलीस, आणि गेल्या वर्षभरात तिथून किती फोन केलेस! मी एकही उचलला नाही. बारशाचा निरोप आला तरी आले नाही. तुला वाटलं असेल, नोकरी लागली आणि बाई मोठी झाली. तसं वाटलं असेल तर बरंच आहे, कारण खरं कारण त्याहून वाईट आहे. आताही फोन करता आला असता. पण फोनवर तू लगेच म्हणणार, "जाऊ दे वं," आणि मी लगेच जाऊ देणार. कागदावर तुला मधेच बोलता येत नाही.

आधी कामाचं सांगते. आपण एम.कॉम.ला असताना बाजारात बसून जे काम केलं, त्यावरचा लेख मी एका मार्केटिंगच्या इंग्रजी संशोधनपत्रिकेला पाठवला होता. त्यांनी नाकारला नाही. दुरुस्त करून अठ्ठावीस तारखेच्या आत पुन्हा पाठवा म्हणतात. त्यासाठी मला तुझी सही हवी आहे. फॉर्म सोबत जोडलाय. पण सही करायच्या आधी हे सगळं वाच. वाचून नाही करावीशी वाटली तर करू नकोस. मग लेख जाणार नाही, बस.

मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसलेय. लाइट गेलीय. कॉम्प्युटरचे सगळे पडदे काळे पडलेत, खिडकीतून उन्हाचा एक पट्टा आत आलाय आणि त्यात धूळ सावकाश वर-खाली होतेय. बाहेर मोहनसिंग शिपाई खुर्चीत डुलक्या घेतोय. पोरं केव्हाच घरी गेली. अशा वेळी मला तो बाजार दिसायला लागतो, रूपे. आवाज नसतो त्याला. मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडणारे हात दिसतात, पोत्यांच्या कडा दिसतात, आणि गोजराबाईच्या मागे कडुलिंबाच्या सावलीत आपण दोघी. माझ्या मांडीवर छापील फॉर्मांचा गठ्ठा, तुझ्या मांडीवर ती निळी वही.

गोजराबाई आठवते ना? वांगी विकायची आणि आपल्यावर नजर ठेवायची. "काय लिहून राह्यल्या वं पोरी हो? सरकार काही देऊन राह्यलं का?" तू म्हणालीस, "सरकार नाही देत, माय. आमचं आमीच लिहून राह्यलो." त्यावर ती म्हणाली, "मंग लिवा. भाजी पाहाले पैसे नाही लागत, तसे लिवाले बी नाही लागत," आणि स्वतःच हसली. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं. तू मात्र तिच्याबरोबर पोटभर हसलीस.

माझ्या फॉर्मवर एक प्रश्न होता: गिऱ्हाईक न घेता का गेलं? खाली रकाने होते. भाव, माल, गर्दी, आणि शेवटी 'इतर'. मी मोठ्या ऐटीत खुणा करत होते. एका सकाळी एक बाई वांगी घ्यायला थांबली. भाव पटला, पिशवी उघडली, आणि गोजराबाईनेच तिला पुढे हाकललं. शेजारच्या सोनीबाईकडे बोट दाखवून म्हणाली, "माह्यी बोहनी झाली, बाई. तिच्यापाशी जाय. थे सकायपासून बसून हाये." सोनीबाईची वांगी तीच, भावही तोच. मी 'इतर'मध्ये खूण केली आणि पुढचा फॉर्म घेतला.

तू माझा हात धरलास. "ओ माय, इतर काय? पाह्यलं नाही का? गिऱ्हाईक गेलं नाही, तिनं धाडलं." मी म्हटलं, पुस्तकात असा रकाना नाही. "मंग पुस्तकवाल्यानं बाजार नसंन पाह्यला," असं म्हणून तू वहीत लिहायला लागलीस. कोणी धाडलं, कोणाकडे धाडलं, काय म्हणून धाडलं. प्रत्येक नोंदीला क्रमांक. दोन हिवाळे तू ते करत राहिलीस आणि मी माझ्या खुणा करत राहिले. तुझं लग्न ठरलं तेव्हा ती वही तू माझ्या घरी आणून दिलीस. म्हणालीस, "तुह्याजवळ ठेव. सासरी हे चूल पेटवाले घेतीन."

आता सांगते. किती वेळ कपडे वाळवण्याच्या आणि हळदीच्या गोष्टी करणार.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी तो लेख एकटीच्या नावावर पाठवला.

कसा पाठवला तेही ऐक. या पत्रिकांची एक रीत असते. लेख तपासणाऱ्याला लेखक कोण ते कळू द्यायचं नाही, म्हणून नावं वेगळ्या पानावर द्यायची आणि लेखातून ओळखीच्या सगळ्या खुणा पुसायच्या. मी बसून पुसत गेले. कॉलेजचं नाव काढलं, गावाचं काढलं. आभारात एक ओळ होती, 'क्षेत्रकामात मदत करणाऱ्या मैत्रिणीची ऋणी आहे.' त्यात तुझं नाव नव्हतंच. पुढे शब्दमर्यादा ओलांडली, तेव्हा ती ओळ सगळ्यांत आधी कापली. मग ते वेगळं पान आलं. लेखकांची नावं. मी माझं लिहिलं, आणि खाली जागा होती ती रिकामी ठेवून पुढे गेले. शेवटी एक चौकोन होता: या कामात वाटा असलेल्या सर्वांची नावं दिली आहेत. मी त्यात खूण केली. खुणा करायची सवय होतीच.

लोभ होता, रूपे. दुसरं काही नव्हतं. कायम जागेच्या मुलाखतीत एकटीच्या लेखाला पूर्ण गुण मिळतात, दोघींचा असला की कमी. मी स्वतःला सांगितलं की तुझं आता लग्न झालं, तुला या कागदाचं काय. त्या संध्याकाळी तुझा फोन आला. मी तो वाजू दिला. नंतर प्रत्येक वेळी वाजू देणं सोपंच होत गेलं.

आठ महिन्यांनी उत्तर आलं. पहिल्या परीक्षकाने माझं इंग्रजी धुऊन काढलं, त्याचं काही नाही. दुसऱ्याने तीनच ओळी लिहिल्या होत्या. मला त्या पाठ झाल्यात. 'तक्ता चारमधली सर्वांत मोठी ओळ इतर ही आहे. एकेचाळीस ग्राहक. लेखकाने त्यांच्याविषयी एक वाक्यही लिहिलेले नाही, आणि मला या लेखात फक्त त्या ओळीत रस आहे.'

तो कोण, कुठे बसतो, मला माहीत नाही. कधी कळणारही नाही. पण वाचताना वाटलं, तूच दुसऱ्या नावाने लिहिलं आहेस.

तर वही काढली. हो, वही माझ्याकडेच होती, आणि तुला न विचारता उतरवून काढली असती तर कोणाला काही कळलं नसतं. मी तेच करायला बसले होते, हे लपवत नाही. परवा दुपारी याच खोलीत, अशीच लाइट गेलेली. तुझं अक्षर बारीक, मधेच एखाद्या वांग्याचं चित्र. अडतीस नोंदी वाचून झाल्या आणि माझा डोळा लागला.

स्वप्नात मी पिशवी घेऊन बाजारात उभी. ऊन असंच, पिवळं. गोजराबाईला म्हटलं, वांगी दे. तिनं नुसतं पुढे बोट दाखवलं. पुढची बाईही तसंच. मी चालत राहिले. बाजार काही संपेना, गावाच्या बाहेर गेला, तुरीच्या शेतांतून गेला, आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या बाया एकीनंतर एक मला पुढे धाडत राहिल्या. कोणी रागावलेलं नव्हतं. सगळ्यांत शेवटी एक पोतं अंथरलेलं होतं. त्यावर माल नव्हता, माणूस नव्हतं, नुसती निळी वही. मी खूप वेळ उभी राहिले. मला माहीत होतं की हे पोतं कोणाचं आहे.

जाग आली तर गालाला वहीचं पान चिकटलेलं. उरलेल्या तीन नोंदी वाचल्या. रूपे, मी ती वही कधी पूर्ण वाचलीच नव्हती. लेख लिहिताना शेवटच्या पानावरचा क्रमांक पाहिला, एकेचाळीस, आणि तक्त्यात टाकून मोकळी झाले. तुझी शेवटची नोंद जशीच्या तशी लिहिते. तुला आठवत नसेल.

'४१. गिऱ्हाईक: कॉलेजची तासिकेवरची जागा. कोणी धाडलं: रूपाली. कोणाकडे: नीलिमा. काय म्हणाली: काही नाही, सांगायचं नाही. कारण: थे सकायपासून बसून हाये.'

आणि शेजारी वांगं.

तारीख जुलै बावीसची. बाबा जाऊन चार महिने झाले होते आमचे. जागा एकच निघाली होती आणि तुझे गुण माझ्याहून जास्त होते. शेवटच्या दिवशी तू कॉलेजच्या दारात भेटलीस आणि कपाळावर हात मारून म्हणालीस, "फॉर्म भराचाच राह्यला पाह्य! तारीख गेली. जाऊ दे वं, आमच्या घरी कोणाले पडली नोकरीची." मी तुला वेंधळी म्हटलं. वर नोकरी लागल्यावर पेढे दिले. तू दोन खाल्लेस.

मला खूप रडू आलं. मोहनसिंग दारात येऊन म्हणाला, "मॅडम, लाइट येईनच थोड्या वेळात." त्याला वाटलं, लाइटीसाठी रडतेय.

तेव्हापासून हा फॉर्म माझ्यासमोर आहे. लेखकांच्या यादीत बदल करायचा असेल तर कारण द्यावं लागतं आणि सगळ्या लेखकांच्या सह्या लागतात. आधी लिहिलं, नजरचुकीने नाव राहिलं. ते खोडलं. मग लिहिलं, संपर्क होऊ शकला नाही. तेही खोडलं, तुझे सगळे फोन डोळ्यांसमोर आले. आता लिहिलंय ते असं: 'काम दोघींनी केलं. लेखातली मुख्य गोष्ट रूपालीने पाहिली. मी जाणूनबुजून तिचं नाव दिलं नाही.' हे वाचून संपादक लेख परत करू शकतात. करू देत. मुलाखतीत जे गुण मिळतील ते मिळतील. मला भीती त्यांची नाही, तुझी वाटते.

तुझं नाव पहिलं घातलंय. माझं त्याखाली. माहेरचं आडनाव घालू की सासरचं, ते फॉर्मवर तूच लिही. तुला ईमेल येईल, त्यात विचारतील की तुम्ही या लेखाच्या लेखिका आहात का. 'हो' म्हणायचं की नाही ते तू ठरव. तुझं 'जाऊ दे वं' मात्र या वेळी चालणार नाही. रागाव. शिव्या दे. मग लेकीचं नाव सांग.

गोजराबाई अजून बसते. कालच तिच्याकडे गेले होते. तिला विचारलं, दुसरीकडे गिऱ्हाईक धाडलं आणि तिनं कधी परत धाडलंच नाही तर? ती वांगी पुसत होती. म्हणाली, "धाडते ना. कवा ना कवा धाडतेच. तिले बी बाजारातच बसाचं हाये."

तक्ता चारमध्ये आता चाळीस गिऱ्हाइकं आहेत. एकेचाळीसावं मी काढून घेतलं, ते बाजारातलं नव्हतं. निळी वही या पाकिटातच परत पाठवतेय. आधी त्यात एक नोंद केलीय. अक्षर तुझ्यासारखं बारीक नाही आणि वांगं भोपळ्यासारखं झालंय, पण वाचता येईल.

'४२. गिऱ्हाईक: हा लेख. कोणी धाडलं: नीलिमा. कोणाकडे: रूपाली. कारण: माझी बोहनी कधीचीच झाली.'

लाइट आली. पडदे एकेक करून उजळतायत. मी उठते.

तुझ्या 'हो'ची किंवा 'नाही'ची वाट पाहणारी,
लेखिका क्रमांक दोन,
नीलिमा