रिबन कोणाला घालायची

३ जून, मंगळ
स्पेलिंग चुकलं तर माफ करायचं. मराठी अक्षरं अप्पांनी घरी शिकवली, शाळेत तमिळच. फोनवर एकेक अक्षर शोधत टाइप करते. एक ओळ होईपर्यंत कॉफी निवते.

अण्णा, माझा थोरला भाऊ, चेन्नईला कामाला गेला, गेमचा डबा मला ठेवून. जाताना म्हणाला, "माझी सेव्ह पुसलीस तर बघ." चौथा भाग अर्ध्यावर आहे.

आज रिबन सापडली. या गेमच्या प्रत्येक भागात असते. कधी डोक्याला, कधी दंडाला. दिसायला काही नाही. पण घातली की विष चढत नाही, झोप येत नाही, माणूस दगड होत नाही, गप्प होत नाही. गेममध्ये आम्ही चौघं, रिबन एक. कोणाला घालायची ते...

४ बुध
अण्णाला फोन. "हिरोला घाल. तो पडला की संपलं." मी म्हटलं, औषधवालीला. ती गप्प झाली तर मंत्र म्हणता येत नाही, बाकी तिघं तिच्यावरच जगतात.
"मग मला कशाला विचारतेस?"
विचारायचं नव्हतं खरं. बोलायचं होतं.
औषधवालीला घातली.

७ शनि
अप्पा ओरत्तनाडूच्या ऑफिसातून कागद घेऊन आले. पापनाशमला एक मिस आहेत, शाळा सोडलेल्यांना बाहेरून दहावीला बसवतात. एकच जागा राहिली. गुरुवारी जायचं. आई-बापांनी बाहेर बसायचं, मुलीनं आत जाऊन स्वतः सांगायचं, शाळा का सोडली, आता का शिकायचं.
अप्पा म्हणाले, "नाही म्हटलंस तरी रागावणार नाही मी."
रागावणार नाहीत. वाईट वाटेल त्यांना, ते जास्त.
शिकायचंय मला. इथंच लिहिते. तोंडानं अजून कोणाला सांगितलं नाही.

८ रवि
का सोडली. नववीत प्रेअरला बातम्या वाचायची माझी पाळी. आईनं दोन वेण्या वर दुमडून इतक्या घट्ट बांधल्या की कपाळ ताणलं. माईकपुढे उभी राहिले. कागद हातात. एक अक्षर नाही. मागून एक जण हसली, मग ओळच्या ओळ. दुसऱ्या दिवशी पोट दुखतं म्हटलं. मग रोज. खरंच दुखायचं.
हे मिसना कसं

९ सोम
हरले. गेममधली बुरुजावरची राणी. पहिल्याच फटक्यात औषधवाली गप्प, रिबन असून. परत खेळले, परत तेच. मग रिबनखालचं बारीक वाचलं. या भागात ती विष, झोप, दगड एवढंच अडवते. आधीच्या तिन्ही भागांत सगळं अडवायची, म्हणून मी वाचलंच नव्हतं.
अण्णा फोनवर हसत सुटला. "दर भागात वाचायचं असतं गं, लूसु, वेडे. मीपण एकदा तसाच मेलो."
"मग गप्प झाली तर?"
"थांबायचं. आवाज येतो परत. तोवर तिला मरू देऊ नकोस."

११ बुध
राणी मेली. रिबन काढून हिरोला घातली होती. अण्णाला सांगणार नाही.
उद्याचं मनात घोकतेय. गच्चीवर कपडे काढताना पण. पूर्ण पाठ आहे.

१२ गुरु
गेले. अप्पा बाहेर बाकावर. मिस वह्या तपासत होत्या, बस म्हणाल्या, वर पाहिलं नाही. मी गप्प. त्या पण. किती वह्या झाल्या माहीत नाही. मग बोलले, सगळं एका दमात. माईक, हसणं, पोट.
मिसनी मान वर केली. "एन्नम्मा सोल्रे?" काय म्हणतेस.
मी सगळं मराठीत बोलले होते. मनात घरच्या भाषेत घोकलं, तसंच बाहेर आलं. मिसना एक शब्द कळला नाही.
परत तमिळमध्ये सांगितलं. अर्धंच आलं. हसणं राहिलं. शिकायचंय एवढं मात्र म्हटलं, दोनदा.
मिस म्हणाल्या, "मघाशी जास्त बोललीस तू." हसल्या नाहीत. अजून एक मुलगी यायची आहे, सोमवारी कळवतील.
बसमध्ये अप्पांनी तिकिटं काढली. खिडकी मला दिली. पापनाशम मागे पडल्यावर मीच म्हटलं, "अप्पा, मला ती जागा पाहिजे." त्यांनी मान हलवली, खूप वेळ हलवत राहिले.

शेजारच्या मामींची मांजर आमच्या तांदळाच्या डब्यामागे व्याली. चार पिल्लं.