मोठ्या अक्षराची खूण

आबा, त्या दुपारी मी जेवायला घरी गेले होते तेव्हा तुम्ही कॉम्प्युटरसमोर बसला होता का? एवढंच विचारायचं होतं. तुम्ही होता तोवर विचारलं नाही. वडिलांना उलट विचारायची आपल्या घरात पद्धत नव्हती.

बारामतीच्या आपल्या छापखान्यात अक्षरजुळणीचे शिशाचे खिळे मागच्या खोलीत गेले आणि पुढे कॉम्प्युटर आला, त्याच सुमारास दादा तुमच्याशी भांडून इंदापूरला गेला. तिथं त्यानं टायपिंग सुरू केलं. बरेच महिने तुम्ही त्याचं नाव काढलं नाहीत. मग लग्नसराईत पत्रिकांचं काम मला एकटीला आवरेना, तेव्हा तुम्ही मान वर न करता म्हणालात, "इंदापूरला दे थोडं." त्या दिवशी आईनं शिरा केला होता. तुम्ही कशासाठी म्हणून विचारलं नाहीत.

दादा मजकूर साध्या टेक्स्ट फाईलमध्ये टाइप करायचा आणि फ्लॉपी एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा. अशा फाईलमध्ये अक्षराला आकार नसतो. ओळीच्या आधी कंसात एक इंग्रजी खूण असते, ही ओळ मोठी, ती बारीक. फाईल पानं लावायच्या प्रोग्राममध्ये घेतली की तो खुणा वाचतो, ओळी मोठ्या-बारीक करतो आणि खुणा नाहीशा होतात. खूण नसलेली ओळ बारीकच राहते. मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "जे छापायचं न्हाय ते लिव्हायचं कशाला? आत आनि काय काय भरलं आसंल, कुणाला ठावं." आणि पडद्यावर मराठी फॉन्ट लावला की त्या इंग्रजी खुणांच्या जागी भलतीच मराठी अक्षरं दिसायची, अर्धवट, मोडकी. त्यानं तुमचा संशय आणखी वाढला.

मग कोऱ्हाळ्याच्या लग्नाची पत्रिका आली. नवरीचे थोरले चुलते तुमचे जुने दोस्त. छापखान्याला पहिलं काम त्यांनीच दिलेलं. प्रूफ तुम्ही अक्षरन् अक्षर वाचलंत; आकार पाहायचं काम माझं. कोण मोठं, कोण बारीक हे दादानं ठरल्याप्रमाणे घातलंय असं समजून मी आकार पाहिला नाही. पत्रिका गावभर वाटून झाल्या आणि चुलते दारात येऊन उभे राहिले. धाकट्या भावांची नावं मोठी, यांचं तेवढं बारीक.

"काय आबा, आमी मेलो का काय? आन् मेलेल्याचं बी नाव मोठं छापत्यात की."

तुम्ही मला चहा ठेवायला सांगितलात. "नगं," ते म्हणाले, "चा बी बारीक कपात द्याल." ते गेले ते परत कधी आले नाहीत.

तुम्ही इंदापूरला फोन लावलात. "तूच केलंस. माझं नाव घालवायला केलंस." पलीकडून दादा काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. फार बोलला नसावा. फोन ठेवून तुम्ही मला सांगितलंत, "त्याला परत काम द्यायचं न्हाय."

मलाही आधी दादाचाच संशय आला. मग मी त्याची फ्लॉपी पुन्हा घालून पाहिली. चुलत्यांच्या नावाआधी खूण जागेवर होती. आपल्या कॉम्प्युटरवरच्या फाईलमध्ये ती नव्हती, आणि ती फाईल शेवटची सेव्ह झाली होती माझ्या जेवणाच्या वेळेला. तेव्हा छापखान्यात तुम्हीच होता. मग मला वाटू लागलं की दादाला पुन्हा घरात पाय ठेवता येऊ नये म्हणून तुम्ही मुद्दाम केलंत. पुढं किती तरी दिवस तुमच्या ताटात भाकरी वाढताना माझ्या मनात हेच असायचं.

एकदा चष्मा पुसता पुसता तुम्ही सहज विचारल्यासारखं विचारलंत, "नावाच्या आदी ती वेडीवाकडी अक्षरं दिसत्यात, ती कशाची गं?"

"खूण असते ती. पुसली की नाव बारीक होतं."

"व्हय का," तुम्ही म्हणालात आणि मागच्या खोलीत खिळ्यांपाशी जाऊन बसलात.

तेव्हा मला कळलं. मित्राच्या नावाला घाण लागलेली पाहून तुम्ही ती साफ केली होती. मोडका खिळा चिमट्यानं काढायचात, तशी. बाकीच्यांच्या नावांना तुम्ही हात लावला नाहीत. त्यांची तुम्हाला तेवढी पर्वा नव्हती. इथवर माझी काही तक्रार नाही. पण त्या दिवसापासून तुम्हाला ठाऊक होतं, आबा. फोन टेबलावरच होता.

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी इंदापूरला जाऊन हे दादाला सांगितलं. तो म्हणाला, "मला तवाच कळलं व्हतं. माझ्या फ्लॉपीत खूण हाय, तू पुसणार न्हाईस. मग ऱ्हायलं कोन?"

"मग फोनवर का नाही बोललास?"

"आबांनी पयल्यांदा कीबोर्डला हात लावला व्हता. ह्ये कळलं आसतं तर परत लावला आसता का?"

हात तुम्ही तसाही परत लावला नाहीत. मला त्याचं बोलणं खरं वाटलं. पण परतीची एसटी बारामतीत शिरेपर्यंत त्याचाही संशय यायला लागला. मला बरं वाटावं म्हणून त्यानं ते तिथल्या तिथं रचलं असेल. माझी ही खोड तुमचीच आहे.

हे मी साध्या टेक्स्ट फाईलमध्येच लिहिलंय. ते कुठं पाठवायचं नाही, छापायचंही नाही. अगदी वर 'आबा' लिहिलं, त्याच्या आधी सवयीनं मोठ्या अक्षराची खूण घातली होती. ती मघाशी पुसली. परत घालावी असं अजून वाटलेलं नाही.